कर्करोगाच्या पेशीवर नेम धरण्याआधी

रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशींकडून कर्करोगाचा नायनाट करून घ्यायचा, तर त्यांना आधी लक्ष्य नेमून द्यावे लागते. हे लक्ष्य म्हणजे प्रतिजन, बहुधा गाठीच्या पेशीवर दिसणारे एखादे प्रथिन किंवा त्याचा तुकडा. ते गाठीत किती आहे हे सगळेच तपासतात. शरीरात आणखी कुठे आहे, हा प्रश्न मात्र त्याहून महत्त्वाचा.

सीडी-१९ हे प्रथिन कर्करोगग्रस्त बी-पेशींवर (या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असते, तसेच निरोगी बी-पेशींवरही. तरीही त्यावर बेतलेल्या कार-टी उपचाराला (यात टी-पेशींवर लक्ष्य ओळखणारा कृत्रिम ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, बसवतात) २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, कारण बी-पेशी नसल्या तरी माणूस जगतो. त्या बनवतात ती प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, बाहेरून देता येतात. फुफ्फुस किंवा हृदय असे बाहेरून देता येत नाही. काही गाठींवर भरपूर असणाऱ्या हर-२ या प्रथिनावर रोखलेल्या सुमारे १००० कोटी कार-टी पेशी दिल्यावर एक रुग्ण पाच दिवसांत दगावल्याची नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. फुफ्फुसाच्या अस्तरावर अगदी थोडे हर-२ असते; बहुधा तेवढेही त्या पेशींना पुरले.

मेज-ए३ चा धडा आणखी विचित्र आहे. काही गाठींत आढळणारे हे प्रथिन निरोगी शरीरात वृषणाबाहेर जवळपास नसते, म्हणून ते आदर्श लक्ष्य वाटले. त्याचा नऊ अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या घटकांचा) तुकडा ओळखणारा टी-पेशीवरचा ग्राहक मुद्दाम अधिक घट्ट चिकटेल असा घडवला आणि दोन रुग्णांचे हृदय बंद पडले. हृदयाच्या स्नायूतल्या टायटिन या भल्यामोठ्या प्रथिनाचा एक तुकडा नऊपैकी पाच जागी अगदी तसाच निघाला. नेहमीच्या पेशीसंवर्धनांत हे कळले नव्हते. मूलपेशींपासून वाढवलेल्या, धडधडणाऱ्या हृदयपेशींवर चाचणी केल्यावरच उलगडा झाला.

मग फक्त गाठीतच असणारे, उत्परिवर्तनातून जन्मलेले नवप्रतिजन का निवडू नयेत? निवडतात. गाठीचा आणि निरोगी ऊतीचा डीएनए वाचून फरक शोधायचा, ते जनुक खरोखर वापरात आहे का हे आरएनएवरून पाहायचे, रुग्णाचे एचएलए (प्रथिनांचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवणारे रेणू) कोणत्या प्रकारचे आहेत हे ठरवायचे आणि ८ ते ११ अमिनो आम्लांचा कोणता तुकडा त्यांत बसेल याचे संगणकीय भाकीत करायचे. घोडे अडते ते इथेच. बसेल असे भाकीत झालेल्या तुकड्यांपैकी मोजकेच पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतात आणि त्यांतल्याही थोड्यांनाच टी-पेशी प्रतिसाद देतात. म्हणून भाकितावर न थांबता टी-पेशींची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते.

शिवाय तो बदल गाठीच्या सर्व पेशींत हवा. गाठीतल्या पेशींच्या एकाच फांदीतला, म्हणजे एकाच वंशातला असेल, तर बाकीच्या फांद्या वाढत राहतात. पण सर्व पेशींत असूनही गाठ निसटू शकते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात केआरएएस जनुकातल्या जी१२डी या बदलावर टी-पेशी सोडल्या होत्या. फुफ्फुसातल्या सातही गाठी आकसल्या. पुढे त्यांतली एक पुन्हा वाढली. तिच्यात जी१२डी शाबूत होता, पण तो तुकडा दाखवणारे एचएलए-सी०८:०२ तिने गमावले होते. त्यामुळे लक्ष्य ठरवताना गाठीतली एचएलए जनुकेही तपासावीत, आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या एचएलएंवर बसणारी एकाहून अधिक लक्ष्ये एकदमच घ्यावीत.