अलार्म उगाच वाजतोय: बॅटरी उतरलीय की बॉनेटचा स्विच बिघडलाय?

गेल्या पावसाळ्यात आमची गाडी सलग चार रात्री वाजली. पहाटे साडेतीनच्या सुमारास सायरन सुरू व्हायचा. खाली जाऊन बघावं तर काचा शाबूत, दारं बंद, आसपास कोणी नाही. रिमोटने बंद करून वर यावं, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं, त्यामुळे मला फार अपराधी वाटायचं. गॅरेजवाल्याने व्होल्टेज मोजायचा मीटर लावला, ‘बॅटरी गेलीय’ म्हणाला, आणि मी नवी टाकून घेतली. दोन रात्री शांततेत गेल्या. तिसऱ्या रात्री पाऊस झाला आणि पुन्हा तेच.

बिघाड बॅटरीत नव्हताच, तो बॉनेटच्या स्विचमध्ये होता. या दोन्हींची लक्षणं वरवर इतकी सारखी असतात की भल्याभल्यांची गल्लत होते.

आधी बॅटरीचं पाहू. गाडी बंद असली तरी अलार्म जागाच असतो. धडधाकट गाडीतही साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत करंट सतत जात असतो. म्हणजे दिवसाला साधारण 1.2 अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा मोजायचं माप). छोट्या गाडीची 35 अँपिअर-अवरची बॅटरी पंधरा दिवस गाडी न हलवता उभी ठेवली तर निम्म्यावर येते. व्होल्टेज घसरलं की काही अलार्म असं धरून चालतात की कोणीतरी वायर काढतंय किंवा दार उघडल्यामुळे आतला दिवा लागलाय. ज्या सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, तो तर मुख्य पुरवठा तुटला की ओरडावा म्हणूनच बसवलेला असतो.

आता स्विच. आपण दुकानातून बसवून घेतो त्या अलार्ममध्ये तो बहुधा इंजिनाच्या कडेला पत्र्यावर असतो: करंगळीएवढी स्प्रिंगची दांडी आणि तिच्यावर काळी रबरी टोपी. बॉनेट बंद असताना दांडी दबलेली राहते. बॉनेट उचललं की ती वर येते, वायरला गाडीच्या पत्र्याचं अर्थिंग मिळतं आणि अलार्मला ‘उघडलं’ असा निरोप जातो. टोपी तडकली की आत पाणी आणि चिखल शिरतो, आणि तो ओलावाच हे अर्थिंग जोडून देतो. बॉनेट जागच्या जागी असतं, पण अलार्मच्या लेखी ते उघडलेलं असतं. माझ्या स्विचची टोपी काढली तेव्हा आत तांबड्या गंजाचा लगदा निघाला. दांडी दाबली की निम्म्यावर अडकायची, वर यायला दोन-तीन सेकंद घ्यायची. बऱ्याच नव्या गाड्यांत हा स्विच बॉनेटच्या लॉकमध्येच असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण ओल आणि धूळ त्यालाही बाधते.

मग ओळखायचं कसं? मी आता सगळ्यांना सांगतो, आधी वाजण्याच्या वेळा लिहून ठेवा. गाडी दोन-चार दिवस उभी राहिल्यावर, रात्रीच्या गारव्यात अलार्म वाजत असेल आणि सकाळी सेल्फ मारताना इंजिन जड, रडत-रडत फिरत असेल, तर संशय बॅटरीवर. पावसानंतर, गाडी धुतल्यावर, भर दुपारीसुद्धा वाजत असेल आणि सेल्फ मात्र एका झटक्यात लागत असेल, तर स्विच.

नंतर मीटर. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी अनलॉक करून बॉनेट उघडा, पाचेक मिनिटं थांबा आणि मग व्होल्टेज घ्या. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो, तो उगाच चांगला दिसतो. 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्याही खाली कोसळला तर बॅटरीचा दम संपत आलाय. टर्मिनलही, म्हणजे बॅटरीला वायर जिथे जोडतात ते टोक, हलवून बघा. ढिलं किंवा पांढरी-हिरवी पूड धरलेलं टर्मिनल चांगल्या बॅटरीलाही बदनाम करतं.

आणि खरी मेख इथेच आहे. स्विच खराब असेल तर सायरन रात्रीत पाच-सहा वेळा वाजतो, इंडिकेटर लुकलुकत राहतात, आणि त्यातच बॅटरी उतरत जाते. सकाळी मीटर लावला की आकडा कमी येऊ शकतो. माझ्या गाडीत हेच झालं होतं: उतरलेली बॅटरी हे कारण नव्हतं, परिणाम होता. म्हणून आकडा कमी आला तरी लगेच नवी बॅटरी घेऊ नका. आहे तीच पूर्ण चार्ज करून घ्या. त्यानंतरही अलार्म वाजला आणि सकाळी व्होल्टेज ठीक असलं, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही.

बाहेरून बसवलेल्या अलार्मची अजून एक सोपी परीक्षा आहे. बॉनेटच्या स्विचची वायर काढून तिचं टोक टेपने गुंडाळा आणि दोन-तीन रात्री बघा. सायरन गप्प राहिला तर चोर सापडला. तेवढे दिवस बॉनेटला पहारा नसतो, हे मात्र लक्षात असू द्या. कंपनीतून बसून आलेल्या अलार्मला हा प्रयोग करू नका. काही गाड्यांत वायर तुटली की अलार्म त्यालाच ‘उघडलं’ समजतो.

दोन्ही निर्दोष निघाले, आणि गाडी ढोल-ताशाला किंवा शेजारून ट्रक गेला की वाजत असेल, तर हादरे ओळखणारा शॉक सेन्सर जास्त हळवा झालाय. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच सेन्सरवर छोटा स्क्रू असतो. तो एका वेळी थोडासाच फिरवा आणि काचेवर तळहाताने थाप मारून बघा.

बॉनेटचा नवा स्विच मला नव्या बॅटरीच्या तुलनेत अगदीच किरकोळ पैशांत मिळाला. बसवताना टोपीच्या आत ग्रीसचं बोट फिरवून घेतलं. त्यानंतर सबंध श्रावण बरसला, पण गाडी एकदाही वाजली नाही.