खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी: बारावीनंतर नेमकं काय शिकायचंय?

"बारावीनंतर ॲस्ट्रोफिजिक्सच करायचंय" म्हणणारी मुलं बहुतेक आकाशदर्शनाला जाऊन आलेली असतात. मृग, कृत्तिका बोट दाखवून सांगतात. खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी मात्र त्यांना एकच वाटतं. संशोधनात हे दोन्ही आता एकमेकांत मिसळलेत, हे खरं. पण पदवीच्या वर्गात फरक पहिल्याच सत्रात जाणवतो, म्हणून आधीच सांगितलेला बरा.

व्याधाचा तारा घ्या. तो सरळ न सरकता किंचित नागमोडी सरकतो, हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने नोंदी ताडून १८४४ मध्ये ओळखलं आणि त्याला न दिसणारा जोडीदार असणार, असं सांगितलं. १८६२ मध्ये तो दुर्बिणीतून दिसलाही. तारा कुठे आहे, किती सरकला, किती तेजस्वी आहे, हे खगोलशास्त्र. पुढे १९१५ मध्ये त्या जोडीदाराचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, मिळाला आणि कोडंच पडलं: वस्तुमान सूर्याएवढं, आकार जेमतेम पृथ्वीएवढा! इतकं दडपलेलं द्रव्य आणखी कोसळत का नाही? खगोलभौतिकी इथून सुरू होते. उत्तराला पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) लागली. असा तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड राहू शकत नाही, या निष्कर्षाकडे नेणारं गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर मांडलं. वय १९, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजची पदवी नुकतीच हातात, आणि विषय भौतिकशास्त्र.

म्हणून माझं सांगणं असतं, पदवीच्या नावात 'ॲस्ट्रो' शोधत बसू नका. चांगली बीएस्सी फिजिक्स करा, गणित सोडू नका, पायथन ही संगणकाची भाषा शिका. एमएस्सीनंतर पुण्यातल्या आयुका किंवा एनसीआरए या खगोल संशोधन संस्थांमध्ये पीएचडीची वाट खुली असते. आकाशदर्शन तर चालू ठेवाच.

प्रॅक्टिकलला सोडियमचा दिवा आणि ग्रेटिंग (प्रकाशातले रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) मिळेल तेव्हा घाई करू नका. अंधाऱ्या खोलीत डोळा लावून बसलं, की एक पिवळी रेघ हळूहळू दोन होते: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. सूर्याच्या वर्णपटात नेमक्या त्याच जागी दोन काळ्या रेघा असतात. सूर्यावर सोडियम आहे, हे माणसाला अशाच रेघांवरून कळलं.