अंगणवाडी ताईंचं दिव्यांग प्रशिक्षण आणि विशेष शिक्षकाची पदविका: दोन्ही एकच आहेत का?

मागच्या पावसाळ्यात बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत एका सेविकेने मला विचारलं, "मॅडम, तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. दिव्यांग मुलांचंही शिकवलं त्यात. आता कुणी विचारलं तर आम्ही स्पेशल टीचर आहोत असं सांगायचं का?" प्रश्न मनापासूनचा होता. त्याच आठवड्यात एका आईने तोच गोंधळ उलट्या बाजूने माझ्यापुढे ठेवला. "ताई ट्रेनिंग घेऊन आल्यात ना? मग पोरीला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात कशाला जायचं? एक अख्खा रोज बुडतो."

मी कर्णबधिर मुलांची विशेष शिक्षिका आहे आणि सेविकांच्या प्रशिक्षणातही अधूनमधून बोलायला जाते. दोन्हीकडे वावर असल्यामुळे हा गोंधळ मला जवळून दिसतो. त्याची किंमत तीन-चार वर्षांचं मूल मोजतं, म्हणून नीट मांडावंसं वाटलं.

आधी ताईंच्या प्रशिक्षणाबद्दल.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने मे २०२३ मध्ये 'पोषण भी, पढ़ाई भी' हा अंगणवाडीचा कार्यक्रम सुरू केला आणि २८ नोव्हेंबर २०२३ रोजी अंगणवाडीसाठीचा दिव्यांग प्रोटोकॉल जाहीर केला. पुढे २०२४ मध्ये शून्य ते तीन वयासाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहासाठी 'आधारशिला' असे दोन आराखडे आले. सेविकांना मिळणारं प्रशिक्षण याच साहित्यावर उभं आहे. ते निपसिड या केंद्राच्या प्रशिक्षण संस्थेमार्फत चालतं, आणि या संस्थेला आता सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं आहे. आपल्याकडे सेविकांच्या हातात राज्याचं 'आकार' आणि 'आरंभ'चं बालशिक्षण-बालविकासाचं साहित्य त्याआधीपासून आहेच.

दिव्यांग प्रोटोकॉलमध्ये ताईंकडून तीन गोष्टी अपेक्षित आहेत. मुलाच्या वाढीतली लवकर दिसणारी लक्षणं ओळखायची. त्या मुलाला अंगणवाडीच्या रोजच्या कार्यक्रमात आणि गावात सामावून घ्यायचं, घरच्यांना बळ द्यायचं. आणि आशा, एएनएम (आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका) व राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकामार्फत मुलाला पुढे पाठवायचं. ओळखणं, सामावणं, पाठवणं. यात 'निदान' हा शब्द नाही आणि 'उपचार' हाही नाही. प्रशिक्षण अपुरं आहे म्हणून हे शब्द सुटलेले नाहीत. प्रोटोकॉल विचारपूर्वक तिथे थांबतो, कारण पुढचं काम दुसऱ्या कुणाचं आहे आणि ते पथक आधीपासून ठरलेलं आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच झाली. त्याच्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं आणि शंका वाटलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवायचं असतं.

आता विशेष शिक्षकाचं शिक्षण. इथे कायदा वेगळा, परिषद वेगळी, कालावधीही वेगळा.

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. विशेष शिक्षणातला डीएड हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम या परिषदेच्या मान्यतेने चालतो, आणि तो सरसकट सगळ्या दिव्यांगत्वांचा नसतो. श्रवणदोषाचा वेगळा, दृष्टिदोषाचा वेगळा, बौद्धिक व विकासात्मक अक्षमतेचा वेगळा. लहान वयासाठी परिषदेने बालवय विशेष शिक्षणाची स्वतंत्र पदविकाही आखलेली आहे. अभ्यास संपल्यावर केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव लागतं आणि सीआरआर क्रमांक मिळतो. तो एकदा मिळाला की जन्मभर पुरत नाही. चर्चासत्रं, कार्यशाळा करून गुण जमवावे लागतात आणि नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं.

बाहेरच्या माणसाला या दोन वर्षांतली पुस्तकं दिसतात. खरा वेळ जातो तो मुलांसमोर बसण्यात, आणि आपण मुलांसमोर बसलेलो असताना कुणीतरी अनुभवी माणूस मागे बसून आपल्याला पाहत असतो यात. माझ्या पहिल्या पाठाला मागे बसलेल्या बाईंनी वहीत एकच ओळ लिहिली होती: "तुम्ही बोलताना फळ्याकडे वळलात, तेव्हा वर्ग तुमच्यासाठी संपला नाही, मुलांसाठी संपला." ओठ दिसेनासे झाले की माझ्या वर्गातल्या मुलांचा निम्मा आधार जातो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी वळले होतेच. अशा चुका कुणी समोर पाहून दुरुस्त केल्याशिवाय सुटत नाहीत.

फरक नेमका कुठे पडतो, ते एका मुलीवरून सांगते.

साडेतीन वर्षांची. अंगणवाडीत रोज यायची, खिचडी पोटभर खायची, गाण्याला हातवारे सगळ्यांबरोबर करायची. शब्द मात्र दोन-तीनच. घरात "तिचा बाप पण उशिराच बोलला" असं सगळे म्हणायचे. ताईंना ती हट्टी वाटायची, कारण हाक मारली तरी यायची नाही. प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं की मूल आपल्याकडे बघत नसताना, पाठीमागून हाक मारून पाहा. त्यांनी पाहिली. मुलगी वळली नाही. मग त्यांनी पाठीमागे ताटलीवर चमचा वाजवला आणि मुलगी झटकन वळली.

बहुतेक ठिकाणी गोष्ट इथे संपली असती. "ऐकू येतंय की! नाटकं करते." या ताईंनी तसं केलं नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा लिहून ठेवल्या, नावाला वळली नाही, ताटलीला वळली, आणि पथक आलं तेव्हा वही पुढे केली. मला विचाराल तर प्रशिक्षणाचं सगळं सार्थक त्या दोन ओळींत झालं. मोठा आवाज ऐकू येणं आणि बोलणं समजण्याइतकं ऐकू येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंना त्यामागचं शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त इतकं कळलं होतं की निकाल आपण लावायचा नाही, दिसलं ते सांगायचं. डीईआयसीत ऑडिओलॉजिस्टने बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो ते मोजणारी, तपासणी केली, दोन्ही कानांना श्रवणदोष निघाला आणि श्रवणयंत्रं मिळाली.

यंत्र लावलं म्हणजे मूल बोलू लागेल असं घरच्यांना वाटतं, आणि त्यांना तसं वाटणारच. पण साडेतीन वर्षं अर्धवट आवाजात वाढलेल्या मुलाला आधी ऐकायला शिकावं लागतं. इथून माझं काम सुरू झालं. मी सहा ध्वनींपासून सुरुवात करते: म, ऊ, आ, ई, श, स. डॅनियल लिंग यांच्या नावाची ही 'लिंग (Ling) चाचणी' आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. बोलण्यात येणाऱ्या खालच्या आवाजापासून वरच्या आवाजापर्यंतचा सगळा पट्टा या सहांत येतो. मी एक ध्वनी काढते, तो ऐकू आला की मुलगी हातातला मणी वाटीत टाकते. कुठल्या ध्वनीला मणी पडला नाही यावरून यंत्र नीट चाललंय का, सेल संपलाय का, कानात बसवायच्या साच्यात पाणी गेलंय का, याचा अंदाज रोज सकाळी दोन मिनिटांत येतो.

ताईंनी हे पाहिलं आणि उत्साहाने दुसऱ्या दिवशी स्वतः करून पाहिलं. त्यांनी तोंडावर हात धरला, म्हणजे मुलीने ओठ वाचू नयेत. 'आ'ला मणी पडला, 'ऊ'ला पडला, 'स'ला नाही, 'श'लाही नाही. घाबरून त्यांनी मला फोन केला: "यंत्र बिघडलं वाटतं." यंत्र ठीक होतं. तळहात तोंडापुढे धरला की 'स' आणि 'श' यांचा बारीक आवाज हातातच अडकतो. म्हणून मी भरतकामाची रिंग वापरते, तिच्यावर विरळ कापड ताणून लावलेलं. ओठ झाकले जातात, आवाज आरपार जातो. ही एवढी गोष्ट तीन दिवसांच्या प्रशिक्षणात सांगितली जाणार नाही आणि ती सांगावी अशी माझी अपेक्षाही नाही.

लोकांना यातून एक पायरी वर आणि एक खाली असं वाटू लागतं. मला ते मान्य नाही. मी त्या गावात महिन्यातून एकदा पोचते, पावसाळ्यात तेही हुकतं. ताई रोज सकाळी तिथे असतात. पदविका असलेली बाई रोज सोबत नसते, आणि रोज सोबत असणाऱ्या बाईंकडे पदविका नसते. या वयोगटाचं हेच खरं दुखणं आहे.

त्याची मुळं कायद्यातही आहेत. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं मोफत शिक्षणाचं कलमही सहा ते अठरा वयासाठीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ च्या निकालात विशेष शिक्षकांच्या प्रमाणाचा प्रश्न लावून धरला, आणि त्यानंतर केंद्राने पहिली ते पाचवीसाठी दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलं. पण हे प्रमाण पहिलीपासून आहे. तीन ते सहा या वयात, जेव्हा कान, जीभ, हात सगळंच वेगाने घडत असतं, तेव्हा अंगणवाडीत विशेष शिक्षक असावा असं प्रमाण नाही. मग सगळा भार ताईंच्या प्रशिक्षणावर येतो, आणि जे काम त्यासाठी आखलेलंच नाही ते त्याच्याकडून मागितलं जातं.

या पोकळीत तिसरा प्रकार शिरतो, आणि तिथे मला राग येतो. शनिवार-रविवारच्या ऑनलाइन वर्गाचं गुळगुळीत प्रमाणपत्र, त्यावर 'स्पेशल एज्युकेटर' किंवा 'शॅडो टीचर' (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस), आणि मग पालकांकडून तासाला शेकडो रुपये. एका कुटुंबाने असे सात महिने घालवले होते. मूल त्या सात महिन्यांत चित्रांच्या कार्डांवरून प्राण्यांची इंग्रजी नावं पाठ करत होतं आणि त्याची श्रवणतपासणी कुणी केलीच नव्हती. आरसीआयच्या कायद्याच्या तेराव्या कलमानुसार नोंदवहीत नाव नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पालकांना हे माहीतच नसतं.

ऑनलाइन शिकणं वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम मी स्वतः केले आहेत. मुंबईच्या 'उम्मीद'सारख्या संस्था समाजात काम करणाऱ्यांना बालविकास आणि दिव्यांगत्वाचं मोलाचं प्रशिक्षण देतात. आरसीआयने मेलबर्न विद्यापीठाबरोबर २०२१ मध्ये समाजाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा सीबीआयडी अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून तयार होणारे 'दिव्यांग मित्र' घर आणि सेवा यांच्यामधला दुवा असतात. हे सगळं हवंच आहे. प्रमाणपत्रावरचं नाव आणि हातातलं काम जुळतंय का, एवढाच माझा प्रश्न असतो.

एनसीईआरटीचं 'प्रशस्त' हे तपासणीचं साधन मला याच कारणासाठी आवडतं. शाळेसाठी बनलेल्या या साधनाचे दोन भाग आहेत. पहिला वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाच्या मदतीने. कुणी कुठवर जायचं ते कागदानेच ठरवून दिलं आहे. अंगणवाडीच्या कागदातही अशी रेघ ठळक दिसायला हवी.

तोवर कुठलंही प्रशिक्षण समोर आलं की मी सेविकांना आणि पालकांना दोन-तीन गोष्टी विचारायला सांगते. शिकताना प्रत्यक्ष मुलांबरोबर काम आहे का, आणि ते पाहायला कुणी आहे का? नसेल तर ते माहितीचं प्रशिक्षण आहे, उपयोगाचं असलं तरी. शेवटी सीआरआर क्रमांक मिळणार आहे का? मिळणार असेल तर संस्थेचं नाव आरसीआयच्या संकेतस्थळावर शोधा, माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. आणि कुणी पहिल्याच भेटीत, तपासणीचा कागद न पाहता मुलाला ऑटिझम आहे किंवा नाही असं सांगत असेल, तर त्याच्याकडे कुठलंही प्रमाणपत्र असलं तरी तिथून उठा.

त्या बीट बैठकीतल्या ताईंना मी सांगितलं, "कुणी विचारलं तर सांगा, मी अंगणवाडी सेविका आहे आणि मला दिव्यांगत्वाची लवकर दिसणारी लक्षणं ओळखता येतात." त्यांना थोडं कमी वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. मग मी त्यांना त्या मुलीच्या अंगणवाडीत घेऊन गेले. खिडकीत खिळ्याला भरतकामाची रिंग टांगलेली होती. प्रार्थनेआधी तिथल्या ताईंनी ती काढली, तोंडापुढे धरली आणि 'स' म्हणाल्या. मुलगी क्षणभर थांबली. मणी वाटीत पडला तसा तिने स्वतःच टाळी वाजवली, आणि ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत सहा छोट्या टिंबांपैकी पाचवं भरलं.