गावठी कोंबडा आणि रानकोंबडा (चित्रविषय)

पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांत कोंबडा दोन ठिकाणी भेटतो: दारच्या उकिरड्यावर आणि कोयना-चांदोलीच्या जंगलात. पक्षीचित्रकार फसतो तो इथेच. अंगणातला कोंबडा पाहून रेखाटायचा, मागे कारवी रंगवायची आणि खाली ‘सह्याद्रीतला रानकोंबडा’ लिहायचे, ही फार जुनी खोड आहे.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. तिची नक्की ओळखू येणारी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वट येथे मिळाली; काळ इ.स.पू. 1650 ते 1250. सह्याद्रीत मात्र राहतो तो करडा रानकोंबडा, ही वेगळी जात. नाते अगदीच नाही असे नव्हे. गावठी कोंबडीचे पिवळे पाय ज्या जनुकामुळे येतात, ते करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे 2008 मध्ये दाखवण्यात आले.

गावठी कोंबडा सरावासाठी उत्तम. जपानी चित्रकार इतो जाकुचू (1716–1800) अंगणात कोंबड्या पाळून त्यांचेच निरीक्षण करत असे. सकाळी खुराडे उघडल्यावर कोंबडा एका जागी ठरत नाही, तेव्हा दहा-दहा सेकंदांची रेखाटने करावीत; बारकावे डालग्याखाली झाकल्यावर टिपावेत. चालताना डोके झटक्याने पुढे जाते आणि क्षणभर तिथेच थांबते. तो क्षण पकडावा. पायाला तीन बोटे पुढे, एक मागे. काटा, म्हणजे पायावरची टोकदार वाढ, त्याच्याही वर, नडगीच्या आतल्या-मागच्या बाजूला. घाईत तो पाचवे बोट होऊन बसतो.

शेपटीच्या काळ्या पिसांवरची हिरवी झाक हा रंग नव्हे. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून ती दिसते. म्हणून आधी काळपट थर पूर्ण वाळू द्यावा आणि उजेडाकडच्या वळणावरच हिरव्या-निळ्याचा पातळ हात फिरवावा. सगळीकडे हिरवा दिला की कोंबडा पत्र्याचा वाटतो. मानेची पिसे कौलांसारखी, खालची ओळ आधी आणि वरची नंतर. तुऱ्यात रक्त असते. उन्ह मागून आले तर त्याची कड नारिंगी उजळते. तुरा जांभळट दिसला तर पक्षी आजारी वाटतो.

करड्याची खरी परीक्षा मानेत. प्रत्येक गडद पिसाच्या टोकाशी मेणासारखा, टणक, पिवळट चकचकीत ठिपका असतो. तो पांढऱ्या रंगाने टिपला की पिसावर तांदूळ सांडल्यासारखे दिसते. शून्य नंबरच्या ब्रशने पिवळा द्यावा आणि एका बाजूलाच चमक ठेवावी. अंग राखाडी, पाय तांबूस. मादीच्या पोटाकडची पिसे पांढरी, काळ्या कडांची.

विणीनंतर नर मानेची ही झगमगीत पिसे टाकतो. त्यामुळे पार्श्वभूमीला ऐन पावसाळ्यातले धुके असेल, तर मान साधी, काळपट रंगवावी लागते.