कानांचा तरवड

नवरात्र जवळ आलं की धुळ्याहून साक्रीकडे जाताना मुरमाड माळ आणि शेतांचे बांध पिवळेधमक होतात. सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, "टाकळा फुललाय." तो टाकळा नसतो, तरवड असतो. महाराष्ट्रात कितीतरी घरी घटावर माळ चढते ती याच फुलांची.

टाकळा पावसाळ्यात उगवतो आणि शेंगा धरून वाळून जातो. त्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या. तरवड हे बारमाही झुडूप, त्याच्या पानात साधारण आठ ते बारा जोड्या. दुसरा सारखा दिसणारा कासोदा, मूळचा अमेरिकेतला. त्याच्या पर्णिका टोकदार असतात. तरवड मात्र आपल्याच मातीतला. एवढ्यानेही शंका फिटली नाही, तर पानाच्या देठाचं बूड पाहा. तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी हिरवी उपपर्णं चिकटलेली दिसतील. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली याला 'ऑरिक्युलाटा' म्हटलं, म्हणजे कानांचा. आज याचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा.

एकदा ओळख पटली की सकाळी झुडपाजवळ दहा मिनिटं थांबा. मला या झाडाचं सगळ्यात मोठं नवल तिथेच वाटतं. या फुलात मध नसतो. भुंगा येतो तो परागासाठी, आणि पराग असतो बंद परागकोशात. बाहेर पडायला टोकाशी फक्त बारीक छिद्रं. मग भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो, आणि मिठाच्या डबीतून मीठ सांडावं तसा पराग बाहेर उडतो. त्या क्षणी त्याचा गुणगुणाट एकदम चढ्या पट्टीत जातो, लक्ष दिलं तर सहज कळतो. दहा पुंकेसरांतही कामं वाटलेली आहेत: वरचे तीन वांझ, मधले आखूड भुंग्याच्या खाण्यासाठी, आणि खालचे लांब, वाकडे त्याच्या अंगावर पराग टाकणारे. तोच पराग पुढच्या फुलाला पोचतो.

याच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. पूर्वी कातडी कमवायला ती वापरत. गुरं याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या माळावरही तो टिकतो. पण बांध साफ करताना तणनाशक मारलं की तोही जातो, आणि भुंग्याचं खाणंही. माझं शेतकऱ्यांना एवढंच सांगणं: बांधाच्या कडेची दोन-चार झुडपं राहू द्या. डिसेंबरपर्यंत त्यांवर चपट्या, कागदासारख्या शेंगा वाळतील, आणि वारा सुटला की खुळखुळतील.