तोफांवरील छाप व खुणा (कोकण किनारा)

कोकणातील जलदुर्गांवर उरलेल्या तोफांच्या अंगावर ओतताना उठवलेली किंवा नंतर छिन्नीने कोरलेली चिन्हे, अक्षरे व आकडे आढळतात. तोफ कुठे ओतली, कोणासाठी ओतली आणि तिचे वजन किती, हे त्यांवरून कळते. ती कोणी डागली हे मात्र कळत नाही. आंग्र्यांच्या आरमाराने इंग्रज, डच व पोर्तुगीज जहाजे धरली, तेव्हा त्यांवरच्या तोफाही हाती आल्या. म्हणून केवळ छाप पाहून ‘ही इंग्रजांनी इथे बसवलेली तोफ’ असे फलकावर लिहू नये.

खुणा तीन ठिकाणी शोधाव्यात: पाठीचा मधला भाग, बत्ती देण्याच्या कानाभोवतीची जागा आणि गाड्यावर टेकणाऱ्या दोन आडव्या खुंटांची टोके. कारखान्याचे नाव, साल व क्रमांक बहुधा खुंटांवर असतात आणि सुशोभीकरणात नेमके तेच सिमेंटच्या चौथऱ्यात गाडले जातात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरील चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा यॉर्कशायरमधील लो मूर कारखान्याच्या आहेत, हे त्यांवरील लेखामुळेच कळते.

ब्रिटिश सरकारी तोफेवर मुकुट व राजाची आद्याक्षरे असतात. ‘जीआर’ म्हणजे जॉर्ज राजा (लॅटिनमध्ये जॉर्जियस रेक्स); त्याच्या आत ३ असेल तर तिसरा जॉर्ज, म्हणजे १७६० ते १८२०. पक्ष्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण ही सरकारी मालमत्तेची खूण. तिला त्रिशूळ समजण्याची चूक सहज होते. ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह हृदयाच्या आकाराचे, रेघांनी विभागलेले, आत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे आणि बहुधा माथ्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी आकृती. डच कंपनीच्या छापात मोठ्या व्हीच्या दोन पायांवर ओ आणि सी चढवलेले असतात. वर ए असल्यास ॲमस्टरडॅम शाखा. पोर्तुगीज तोफेवर पाच लहान ढालींचे राजचिन्ह किंवा एकमेकांत गुंतलेल्या कड्यांचा गोल (खगोलयंत्र) दिसतो.

सर्वांत जास्त घोटाळा वजनाच्या आकड्यांत होतो. इंग्रजी तोफेवर वजन हंड्रेडवेट, क्वार्टर व पौंड अशा तीन आकड्यांत कोरलेले असते. मधल्या रेघा झिजल्या की १८-२-१४ हे १८२१४ असे दिसते आणि पहिले चार आकडे १८२१ साल वाटू लागतात. पडताळा सोपा आहे: एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड आणि क्वार्टर २८ पौंड, म्हणून मधला आकडा ३च्या वर जात नाही आणि शेवटचा २७च्या वर जात नाही. वरच्या उदाहरणात २०१६ + ५६ + १४ = २०८६ पौंड, म्हणजे सुमारे ९४६ किलो.

वाचनासाठी खारवलेल्या लोखंडावर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर कधीही चालवू नये. गंजाचे पोपडे सुटतात आणि उठावाची अक्षरे त्यांच्याबरोबरच जातात. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. सूर्य कलल्यावर, किंवा अंधारात टॉर्च जवळजवळ तोफेला टेकवून आडवा प्रकाश टाकावा. समोरून न दिसणारा आकडा त्या सावलीत उमटतो. उजेडाची दिशा बदलून किमान चार फोटो घ्यावेत. नंतर पातळ कागद घट्ट धरून त्यावर मऊ पेन्सिल आडवी घासून ठसा घ्यावा. राष्ट्रीय सणांच्या आधी दिलेला काळा ऑइलपेंट थरांवर थर चढून उथळ कोरीव बुजवून टाकतो. तो काढणे जतनतज्ज्ञाचेच काम आहे.

मासेमारीच्या जाळ्यात सापडून वर आलेली ओतीव लोखंडाची तोफ तर आणखी नाजूक असते. खाऱ्या पाण्यात लोखंड विरघळून वरचा थर नखाने कोरता येईल इतका मऊ झालेला असतो आणि सर्व खुणा त्याच थरात असतात. उन्हात ठेवली की तो तडकून गळतो. तज्ज्ञ येईपर्यंत ती ओलीच ठेवावी, शक्यतो धुण्याचा सोडा घातलेल्या गोड्या पाण्यात बुडवून, आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.