धरण खेकड्यांनी फोडलं?

2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं. थट्टा झाली, तरी कोकणात हे अजून ऐकू येतं. खेकडा बीळ करतो, खरंय. पण ते वेळीच बुजवणं हीच तर देखभाल! गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

मातीच्या धरणाला थोडा पाझर असतोच. पायथ्याशी निवळशंख पाणी येतंय तोवर फक्त ते वाढतंय का बघायचं. गढूळ आलं, की भरावातली माती आतून वाहतेय, पोकळी वाढतेय. मग तासाचाही उशीर नको. भरावावर झाडंही नकोत: मूळ कुजलं की पाण्याला आयती वाट. आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, पावसाआधी मोकळा हवा. माथ्यावरून पाणी गेलं तर मातीचा भराव धुपून जातो.